कानसेनांची टपाल : मेडननंतर काय ऐकू?

प्रश्न : वय 49, बँकेत नोकरी. कॉलेजात असताना आयर्न मेडन आणि जुडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडच्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकल्या. मग घराचे हप्ते, मुलांच्या शाळा, आणि सगळं सुटलं. आता पुन्हा ऐकावंसं वाटतं, पण नवीन कुठलाही बँड लावला की गायक नुसता ओरडतो. सुरुवात कशाने करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी ओळखीच्या घरी जाऊन या. जुडास प्रीस्टचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ हा अल्बम मार्च 2024 मध्ये आला, तेव्हा गायक रॉब हॅलफर्ड 72 वर्षांचे होते. पहिलंच गाणं ‘पॅनिक अटॅक’ लावा आणि ते टिपेला जातात तेव्हा हे वय आठवा. नवीन असं त्यात काही नाही, पण तुम्हाला ते नकोच असेल.

आता ओरडण्याविषयी. त्याला ग्रोल म्हणतात. कमावलेला, खरखरीत खर्ज असतो तो. शब्द कळले नाहीत तरी चालतं, बास गिटारसारखं एक वाद्य समजून ऐका. आणि ग्रोल कशासाठी असतो हे कळायला ओपेथचा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ (नोव्हेंबर 2024) यासारखा अल्बम नाही. या स्वीडिश बँडचा गायक मिकाएल ऑकरफेल्ट याने 2008 च्या ‘वॉटरशेड’नंतर अल्बममध्ये ग्रोल करणं सोडूनच दिलं होतं. चाहते वर्षानुवर्षं कुरकुरत होते. इथे ग्रोल परतला, आणि उगाच नाही परतला. अल्बमभर एकच गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. श्रीमंत घराण्यातला कर्ता पुरुष वारलाय, पोरं जमलीत आणि वाड्यात मृत्युपत्राचं वाचन चाललंय. (भाऊबंदकी काय असते हे आपल्याला स्वीडनकडून शिकायला नको.) म्हातारा मेल्यावरही पोरांवर गुरगुरतोय, असं मला तो ग्रोल ऐकताना वाटतं. साध्या, सुरेल गळ्यातल्या ओळी आल्या की त्या गुरगुरण्याची धार आणखी जाणवते. आठ गाण्यांपैकी सातांना नावंच नाहीत, मृत्युपत्रातल्या कलमांसारखे नुसते क्रमांक. नाव आहे ते फक्त शेवटच्याला, आणि तिथे काय उलगडतं ते मी सांगणार नाही. मध्येच एक धीरगंभीर निवेदक बोलतो आणि बासरी घुसते. दोन्ही जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडच्या इयान अँडरसन यांची करामत. तुमच्या काळातलेच, म्हणजे तुमच्याही आधीचे.

एकच अट : शफल बंद करा. कलम चार आधी आणि कलम एक नंतर वाचून कुणाला वाटणी कळलीय?

हे पचलं तर डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशनचा ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ (2024) घ्या. दोनच रचना, प्रत्येकीचे तीन भाग. कडक डेथ मेटल (मेटलचा जड, ग्रोलवाला प्रकार) चालू असताना अचानक जमीन सरकते आणि पिंक फ्लॉइडसारखं मोकळं आभाळ येतं. रेकॉर्डिंग बर्लिनच्या हान्सा स्टुडिओतलं, जिथे डेव्हिड बोवीने 1977 साली ‘हीरोज’ केला. घरच्यांसमोर लावायचा असेल तर मात्र स्टीव्हन विल्सनचा ‘द ओव्हरव्ह्यू’ (2025) बरा. अवकाशातून पृथ्वी बघणाऱ्यांना जे वाटतं त्यावरच्या दोन लांबलचक रचना, ग्रोल अजिबात नाही.

ड्रीम थिएटरच्या ‘पॅरासोम्निया’बद्दल (2025) बरेच जण विचारतात. ड्रमर माइक पोर्टनॉय परतल्यानंतरचा हा पहिला अल्बम. वाजवलंय झकास, पण पुढे काय येणार ते मला आधीच कळत होतं.

प्रश्न : मी तबला शिकवतो. मुलगा प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकतो आणि म्हणतो, ‘बाबा, यात तुमच्यासारखेच ताल आहेत.’ खरं आहे का? – सांगली

उत्तर : बरंचसं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ (1973) लावा आणि बास गिटारवर टाळी धरा : सात मात्रा. रूपकाची सवय असलेला हात मात्र अडखळेल, कारण रूपकात समेलाच खाली आणि इथे पहिली मात्रा ठासून येते. सॅक्सोफोन सातातच वाजतो. गिटारचा सोलो सुरू झाला की गाणं चारात उतरतं. तो सांधा मुलाला पकडायला सांगा, तुम्ही गप्प बसा.

नवीन हवं असेल तर टूल या बँडचा ‘फिअर इनॉक्युलम’ (2019). आधीच्या अल्बमनंतर तब्बल 13 वर्षांनी आलेला, आणि सातच्या आकड्याने झपाटलेला. त्यांचा ड्रमर डॅनी कॅरी आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकलाय. तेव्हा मुलाचं म्हणणं वाऱ्यावर सोडू नका.

प्रश्न : सगळी नावं परदेशातलीच का? आपल्याकडे कुणी नाही? – कॉलेज विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आहेत की! मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा ‘दशावतार’ (2017) : मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक गाणं. मत्स्यापासून क्रमाने ऐकलात तर उत्तम, पण धीर नसेल तर थेट नरसिंह गाठा, त्या अवताराला हे संगीत शोभतं. आणि दिल्लीच्या ब्लडीवुडचा ‘न्यू दिल्ली’ (2025). जड गिटारवर ढोल, हिंदी-पंजाबी-इंग्रजीची सरमिसळ, आणि ‘बेखौफ’ या गाण्यात जपानचा बेबीमेटल सोबतीला. रॅपचा भाग मला थोडा जास्त वाटतो. तुम्हाला वाटणार नाही, तुम्ही कॉलेजात आहात.