बीपीटीनंतर वृद्धांवरचं संशोधन आणि अध्यापन, हा मार्ग धरावा का?

तुम्ही विचारलंय की बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झाली आहे, गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. क्लिनिक टाकण्याऐवजी म्हाताऱ्या माणसांवर संशोधन आणि शिकवणं हा मार्ग धरला तर निभाव लागेल का? मी वर्धा जिल्ह्यात १७ वर्षं हेच करते आहे.

पगाराचं आधी सांगून टाकते. मी साडेचार वर्षं बीपीटी केली, दोन वर्षं एमपीटी, म्हणजे पुढची पदव्युत्तर पदवी, आणि मग पीएचडी. एवढं शिकूनही मला क्लिनिक चालवणाऱ्या मैत्रिणीपेक्षा कमीच मिळायचं, आणि एका संस्थेत तर पगार चार-चार महिने थकला. घरी लगेच पैसा लागणार असेल तर दोन-तीन वर्षं क्लिनिक करा, मग एमपीटीला या. एमपीटीत कम्युनिटी फिजिओथेरपी, म्हणजे दवाखान्याबाहेर लोकांमध्ये जाऊन काम करण्याची शाखा, घ्या.

आता काम. 'टाइम्ड अप अँड गो' तुम्ही शिकलाच असाल: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, आणि याला किती सेकंद लागतात ते मोजायचं. १९९१ साली मांडलेली ही चाचणी जगभर वापरतात. पीएचडीच्या वेळी सेलू तालुक्यातल्या एका आजींची मी ती घेतली. खुर्ची शेजारून आणावी लागली, त्यांच्या घरात नव्हतीच. ११ सेकंद लागले, म्हणजे उत्तम. मी वहीत लिहीपर्यंत आजी चहा मांडायला चुलीपाशी खाली बसल्या. उठताना मात्र एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. दोनदा उठता उठता परत बसल्या, तिसऱ्यांदा चौकट धरून उभ्या राहिल्या. सून म्हणाली, "पावसाळ्यात न्हाणीत पडल्या होत्या, मॅडम. आम्ही वावरातून येईपर्यंत तिथंच होत्या." आणि माझ्या वहीत आजी ठणठणीत!

आपली माणसं जेवतात, धान्य निवडतात, भांडी घासतात ती जमिनीवर बसून. तिथून उठण्याची ताकद कधी जाते आणि परत कशी आणायची, याच प्रश्नावर मी इतकी वर्षं आहे. ताकद परत येते. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे वजन लावून पायांचे व्यायाम करून घेतले. ते पूर्ण करणाऱ्या ९ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आम्ही गावात रेतीच्या थैल्या शिवून पायाला बांधतो. "वय झालं, आता काय करता" हे वाक्य शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं की मला आजही संताप येतो.

एक गोष्ट मला कोणी शिकवली नव्हती. दिवाळीनंतर, वेचणीच्या दिवसांत, भर दुपारी गावात गेलात तर घरी भेटतात ती वावरात जाणं न होणारीच माणसं. सत्तरीची धडधाकट बाई कापूस वेचायला गेलेली असते. त्या नमुन्यावरून सगळं गाव अशक्त ठरवाल. माझ्या पहिल्या ६२ मोजण्या याच पायी बाजूला ठेवाव्या लागल्या. आता आम्ही दिवेलागणीनंतर जातो, उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत. संमतीपत्रावर अंगठा देताना "योजना हाये का बाई?" असं हमखास विचारतात. नाही म्हणून स्पष्ट सांगायचं, दर वेळी. आणि उपयोगाचे दोन व्यायाम शिकवल्याशिवाय त्या ओसरीवरून उठायचं नाही.

शिकवण्यातला माझा आवडता दिवस पहिलाच असतो. विद्यार्थ्यांना कुठलंही साधन न देता गावात पाठवते: एका आजींजवळ दिवसभर थांबा आणि त्या किती वेळा खाली बसून उठल्या, कशाला धरून उठल्या, तेवढं लिहून आणा. मागच्या वर्षी एका मुलाने ४१ वेळा लिहून आणलं, आणि त्यातले १९ पाण्याच्या ड्रमचा काठ धरून. ड्रम रिकामा असला तर काय होतं, हे त्याने स्वतःहून विचारलं. त्याचा एमपीटीचा विषय आता तोच आहे.

तुम्ही तर गावातच आहात. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी शेजारच्या एखाद्या आजींजवळ असा एक दिवस काढा.