पोस्ट कोणी उडवली? आणि आपलं व्यासपीठ उभारायचं तर?

समाजमाध्यमांवरची बंदी आणि पर्यायी माध्यमं याविषयी सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावच्या मराठी साहित्य संमेलनाचं फेसबुक पान संमेलनाच्या तोंडावर बंद झालं. 'मानकांचं उल्लंघन' एवढंच कारण दिलंय. जुनी भाषणं, फोटो सगळं तिथेच होतं. दाद कुठे मागायची? (एक कार्यकर्ते, खानापूर)

पान कोणी बंद केलं ते आधी ओळखा. मानकांचं उल्लंघन असं लिहिलं असेल तर निर्णय कंपनीचा आहे, सरकारचा नाही. सरकारी आदेश असेल तर कायदेशीर कारणामुळे मजकूर तुमच्या देशात दिसणार नाही, अशा अर्थाची सूचना येते. कॉपीराइटचा दावा असेल तर दावेदाराचं नाव येतं. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या व्हिडिओत मागे वाजणारं ध्वनिमुद्रित गाणं हे त्याचं नेहमीचं कारण. या तिन्ही प्रकारांची दाद वेगवेगळ्या ठिकाणी लागते.

तुमचा प्रकार पहिला दिसतो. सूचनेचा स्क्रीनशॉट, पानाची पूर्ण लिंक, तारीख आणि वेळ जपून ठेवा. मग अ‍ॅपमधूनच फेरतपासणी मागा. फेसबुकची मालक कंपनी मेटा अशा अपिलाला १८० दिवस देते, पण संमेलन तोंडावर असताना एक दिवसही दवडू नका. अपील फेटाळलं गेलं आणि संदर्भ क्रमांक मिळाला, तर १५ दिवसांत मेटाच्या ओव्हरसाइट बोर्डाकडे जाता येतं. मात्र हे मंडळ मोजकीच प्रकरणं हाती घेतं, त्यामुळे त्याच्यावर विसंबून राहू नका.

त्याच वेळी कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्याने २४ तासांत पोच द्यायची असते. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढला, तर कारण कळवणं आणि म्हणणं मांडायची संधी देणं तिच्यावर बंधनकारक आहे. तुमच्या पत्रात हा मुद्दा ठळक असू द्या आणि 'कोणत्या मजकुरासाठी, कोणत्या मानकाखाली' असं थेट विचारा. उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. मुदतीत निकालच दिला नाही तरी हे दार उघडं असतं.

तक्रारी फेटाळल्या जातात त्या बहुधा साध्या कारणांनी. लिंक दिलेली नसते, तक्रारदार पानाचा अ‍ॅडमिन नसतो, किंवा दोन पानांच्या पत्रात भाषेवरच्या अन्यायाचा इतिहास असतो आणि काढलेल्या पोस्टबद्दल एक ओळही नसते. तो अन्याय खरा आहे, पण पलीकडे बसलेला माणूस त्या एका पोस्टचा निकाल देत असतो.

आणखी एक तपासा. पुष्कळदा मानकं मोडलेली असतात ती पानाने नव्हे, तर एकमेव अ‍ॅडमिनच्या खासगी खात्याने. ते खातं गेलं की पान पोरकं होतं. पान परत मिळालं की किमान तीन अ‍ॅडमिन नेमा, प्रत्येकाच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा आणि दर तीन महिन्यांनी सगळी माहिती डाउनलोड करून हार्ड डिस्कवर ठेवा.

प्रश्न : एक्सवरची माझी पोस्ट 'भारतात रोखली आहे' असं दिसतं. हे बेळगावच्या पोलिसांनी केलं का? कोल्हापूरच्या मित्राला ती दिसेल का? (एक वाचक, बेळगाव)

कोल्हापूरलाही दिसणार नाही. कंपन्या अशी बंदी देशनिहाय लावतात. एखादी वेबसाइट चंदगडला उघडते आणि बेळगावला उघडत नाही, असं झालं तर कारण निराळं असतं: इंटरनेट कंपनीने केलेला अडथळा किंवा इंटरनेटबंदी.

आदेश दोन वाटांनी येतो. पहिली आयटी कायद्याच्या कलम ६९-अची. या कलमाखाली आदेश केंद्रच काढतं आणि राज्याला आपली विनंती नोडल अधिकाऱ्यामार्फत केंद्राकडे पाठवावी लागते. २००९च्या नियमांनुसार मजकूर लिहिणाऱ्याला किंवा कंपनीला म्हणणं मांडायला किमान ४८ तास द्यायचे असतात. तातडीच्या आदेशात आधी मजकूर रोखतात आणि ४८ तासांत प्रकरण समितीपुढे नेतात. याच नियमांत गोपनीयतेचं कलम आहे, म्हणून आदेशाची प्रत मागितली तरी बहुतेकदा मिळत नाही. आमच्या मते या व्यवस्थेतली सर्वांत मोठी खोट हीच आहे. ज्याचं तोंड बंद केलं त्याला कारणच कळलं नाही, तर त्याने दाद मागायची कशाच्या आधारावर?

दुसरी वाट त्याच कायद्याच्या कलम ७९(३)(ब)ची, सहयोग या सरकारी पोर्टलवरून कंपन्यांना येणाऱ्या नोटिशींची. इथे राज्याचे पोलिसही असतात. एक्स कंपनीने या पोर्टलला दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळलं. त्यानंतर १५ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या दुरुस्तीनुसार पोलिसांकडून अशी सूचना किमान डीआयजी (पोलीस उपमहानिरीक्षक) दर्जाच्या, खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच द्यायची असते. तीत कायदेशीर आधार, आक्षेपाचं कारण आणि नेमकी लिंक असावी लागते. एक्सकडून ईमेल आला असेल तर कलम कोणतं ते पाहा. नसेल तर कंपनीला लेखी विचारा. ठाण्यातल्या हवालदाराने फोनवर 'पोस्ट काढा' म्हटलं, तर तो या कलमाखालचा आदेश नव्हे. लेखी मागा, शांतपणे मागा.

प्रश्न : सीमाभागातल्या मराठी माणसांसाठी स्वतःचं अ‍ॅप काढायचा आमच्या युवक मंडळाचा विचार आहे. खर्च किती, अडचणी काय? (युवक मंडळ, येळ्ळूर)

अ‍ॅपपासून सुरुवात करू नका. मराठी, कन्नडसह अनेक भारतीय भाषांत चालणारं 'कू' २०२०मध्ये निघालं, त्याला मोठं भांडवल मिळालं, तरी जुलै २०२४मध्ये ते बंद झालं. सॉफ्टवेअर तयार होतं, पण ते चालवायचा खर्च पेलला नाही. शिवाय अ‍ॅप म्हटलं की प्ले स्टोअरचा पहारेकरी आलाच. नव्या वैयक्तिक खात्याला १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून दाखवावी लागते. लोक मजकूर टाकणार असतील तर तक्रार करायची आणि ब्लॉक करायची सोयही अ‍ॅपमध्ये हवी. ज्याच्या हातून सुटायचं, त्याच्याच दारात पुन्हा उभं राहायचं.

तुमच्या मालकीच्या तीन गोष्टी आधी उभ्या करा: डोमेन (वेबसाइटचा पत्ता), वाचकांची यादी आणि मूळ मजकुराचा साठा.

डोमेन मंडळाच्या नावाने घ्या, वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नावाने नको. तो पुण्याला नोकरीला गेला की नूतनीकरणाचा ईमेल त्याला जातो आणि पत्ता हातचा जातो. साध्या वर्डप्रेस साइटने सुरुवात करा. लेखाची लिंक मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि मात्रा लिंकमध्ये नऊ चिन्हांची होते आणि वर्डप्रेस २०० चिन्हांवर ती कापतं, म्हणजे मथळा साधारण बावीस अक्षरं-मात्रांतच तुटतो. अशी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता टक्के-चिन्हांचा ढीग दिसते आणि कुणी उघडत नाही.

व्हिडिओ स्वतःच्या सर्व्हरवर ठेवू नका. दीड मेगाबिट दर्जाचं दहा मिनिटांचं भाषण सुमारे ११२ एमबी होतं. दोन हजार जणांनी ते पाहिलं की २२५ जीबी डेटा गेला. व्हिडिओ यूट्यूबवर टाका, पण मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक मंडळात आणि एक दुसऱ्या गावात.

वाचकांची यादी म्हणजे ईमेल. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल फक्त दिशा दाखवायला वापरा. ईमेल स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवायचा हट्ट धरू नका. बरेच क्लाउड पुरवठादार त्यासाठी लागणारं पोर्ट २५ बंद ठेवतात आणि नव्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून गेलेलं पत्र स्पॅममध्ये पडतं. पाठवणारी सेवा घ्या आणि डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी करा, पत्र खरंच तुमच्याकडून आलं हे त्यांवरून पटतं. संमेलनात वहीवर घेतलेल्या पत्त्यांत चुका असतात. परत आलेले पत्ते लगेच काढा, नाहीतर चांगली पत्रंही अडकतात.

वर्षभर हे नीट चाललं, लोक स्वतःहून लिहायला लागले, तर चर्चेची जागा उघडा. लांब चर्चेला डिस्कोर्स हे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं सॉफ्टवेअर बरं. त्याला २ जीबी रॅम पुरते. ट्विटरसारखं हवं तर त्याच जातीचं मास्टोडॉन. काही शे सदस्यांना दोन कोअर, ४ जीबी रॅम आणि ८० जीबी डिस्क पुरते. सर्व्हरचं भाडं महिना दोन हजारांच्या आसपास बसतं. मास्टोडॉनचा फायदा असा, की येळ्ळूरच्या सर्व्हरवरचा माणूस पुण्याच्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करू शकतो.

पण त्यात ठरलेल्या ठिकाणी घात होतो. डोमेन विचार करून निवडा, कारण इतर सर्व्हरशी एकदा संबंध जुळला की ते बदलता येत नाही. बाहेरच्या सर्व्हरवरचे फोटो आपल्या डिस्कवर साठत जातात. सात दिवसांपेक्षा जुने पुसायची कमांड रोज रात्री आपोआप चालू द्या, नाहीतर एके दिवशी डिस्क भरून डेटाबेसच थांबतो. बॅकअपमध्ये डेटाबेस, आपल्या लोकांचे फोटो आणि सर्व्हरच्या गुप्त चाव्यांची सेटिंग फाइल, तिन्ही हवेत. फाइल विसरली तर डेटाबेस असूनही सगळ्यांचे लॉगिन तुटतात. बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उभा करून बघितल्याशिवाय तो आहे असं धरू नका. नोंदणी मंजुरीनेच ठेवा. दार सताड उघडं ठेवलं की स्पॅमवाले शिरतात आणि मग इतर सर्व्हर तुम्हालाच तोडतात.

खरा भार मजकुरावर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रकांवर पडतो. किमान तिघे हवेत आणि त्यांतल्या एकाला तरी कानडी नीट वाचता यायला हवं. आपल्याकडे एकाच वाक्यात मराठी-कानडी मिसळते, टोमणा कुठे संपतो आणि धमकी कुठे सुरू होते हे यंत्राला कळत नाही. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिनाच्या, आठवड्यात पाळ्या लावा. लोकांना लिहू देणारी साइट काढली की तुम्हीही कायद्याने मध्यस्थ ठरता. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्या, २४ तासांत पोच द्या, आदेशाने काढलेला मजकूर १८० दिवस जपा. सर्व्हर फोडला गेला तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायचं असतं. साइटचे नियम मराठीत लिहिता येतात, आठव्या अनुसूचीतली कोणतीही भाषा चालते. कानडीतही द्या, शेजारीही वाचणार आहेत.

नोव्हेंबर २०१९मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर भारतातून अनेकजण रागाने मास्टोडॉनवर गेले आणि बरेचसे परतले. नातलग, पत्रकार, वाचक सगळे जुन्याच जागी होते. म्हणून फेसबुक सोडू नका. लेख आधी स्वतःच्या साइटवर टाका, मग लिंक तिकडे द्या.

प्रश्न : सर्व्हर परदेशात असला, तर गुन्हा दाखल होत नाही ना? आणि ग्रुप अ‍ॅडमिनला पकडतात का? (एक शिक्षिका, निपाणी)

होतो. लिहिणारा भारतात आहे, तेवढं पुरे. वैर वाढवण्याचं कलम १९६ आणि अफवेचं कलम ३५३ भारतीय न्याय संहितेत आहेत. आयटी कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाखाली पूर्वी पकडत, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्याचा उल्लेख कुणी केला तर वकिलाला सांगा. सर्व्हर परदेशात असला तरी डोमेन इथून रोखता येतंच. मे २०२३मध्ये केंद्राने एलिमेंट, ब्रायरसह १४ संदेश-अ‍ॅप रोखली होती.

दुसऱ्याने टाकलेल्या संदेशाबद्दल अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन म्हणून दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलं. हा निकाल कर्नाटकात बंधनकारक नाही, पण वकील तो आधाराला घेऊ शकतात. वादग्रस्त संदेश घाईने पुसून फोन साफ करू नका. स्क्रीनशॉट न्यायालयात चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी मूळ फोन उपयोगी पडतो.

प्रश्न : तणावाच्या दिवशी इंटरनेटच बंद केलं तर? (एक दुकानदार, बेळगाव)

तेव्हा कोणतंही पर्यायी व्यासपीठ चालत नाही. वायरचं ब्रॉडबँड आणि एसएमएस चालू राहतील की नाही हे आदेशावर ठरतं. सीमेलगतच्या गावांत फोन कधी चंदगडकडचा टॉवर पकडतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. वीस कुटुंबांमागे एक अशी फोन-साखळी कागदावर लिहून ठेवा. प्रत्येकाने चौघांना कळवायचं आणि नंबर पाठ नसले तरी खिशात असावेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२०च्या अनुराधा भसीन निकालाप्रमाणे असा आदेश प्रसिद्ध करावा लागतो. तो मुदतीचाच असतो, नियमांनुसार एका वेळी १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी मागा आणि अर्जावर पोचेचा शिक्का घ्या. पुढे धारवाड खंडपीठात जायचं ठरलं, तर वकील पहिला तोच कागद मागेल.