मासा निळा निघाला, खायचा की टाकायचा?

प्रश्न: ताई नमस्कार, मी सध्या सिएटलला लेकीकडे आलेय. जावयांनी लिंगकॉड नावाचा मासा आणला, पुडी उघडली तर आतलं मांस चक्क निळंहिरवं, रंगपंचमीत बुडवून काढल्यासारखं! दुकानदाराने स्वस्तात दिला म्हणे. वास काही येत नाही, पण हात लावायची हिंमत होईना. खावा का?

उत्तर: काकू, बिनधास्त खा. हा मासा अलास्कापासून खाली मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत मिळतो आणि साधारण पाचातला एक असा निळाहिरवा निघतोच, त्यातही माद्या जास्त. रंग बिलिव्हर्डिन नावाच्या पित्तद्रव्याचा. मुका मार लागल्यावर काळंनिळं झालेलं नंतर हिरवट दिसतं ना, तेच हे. आपल्याकडच्या टोळ माशाचे काटे हिरवे असतात तेही याच्यामुळेच, आणि ते बघून आपण कधी टोळ फेकलाय का? तव्यावर टाकलात की रंग जातो आणि मांस पांढरंशुभ्र होतं, चवीत काही फरक नाही. गिऱ्हाईक बिचकतं म्हणून स्वस्त दिला असणार, तुमचा फायदाच झाला.

मासळीबाजारात रंगावरून भाव कसा फिरतो त्याची खरी गंमत तिकडच्याच किंग सालमनमध्ये आहे. काही किंग सालमन जन्मतः असे असतात की खाल्लेल्या कोळंबी-क्रिलमधला ॲस्टाझँथिन हा लाल रंग त्यांच्या मांसात उतरतच नाही, मांस पांढरंच राहतं. पूर्वी याला लालपेक्षा कमी भाव मिळायचा, मग कुणीतरी आयव्हरी किंग असं भारी नाव दिलं, हॉटेलवाले मागायला लागले आणि आता तोच लालच्या बरोबरीने, कधी त्याहून महाग विकतात. मासा तोच हं!

उलट फार्ममधल्या सालमनला खाद्यातून ॲस्टाझँथिन दिलं नाही तर तो फिका करडा निघेल आणि कोणी विचारणार नाही, म्हणून रंग मोजायला चक्क शेडकार्ड असतं, २० ते ३४ नंबरचं.

मला विचाराल तर निळ्यापेक्षा फार लालभडक ट्यूना दिसला तर जरा थांबा. अमेरिकेत ट्यूनाला कार्बन मोनॉक्साइड लावायला परवानगी आहे, युरोपात नाही. त्याने मासा शिळा झाला तरी लालच दिसतो, म्हणून तिथे लेबल वाचा आणि वास घ्या.

तुमच्या लिंगकॉडला मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवा. हळद लागल्यावर आत कुठला रंग होता ते जावयांनाही आठवणार नाही.