विज्ञानशिक्षण, संस्कृती आणि धर्म : संशोधनाची वाट

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले असून काही वर्षे शिकवत आहे. विद्यार्थ्यांची श्रद्धा आणि त्यांचे विज्ञान शिकणे यांच्या संबंधावर संशोधन करावेसे वाटते. या विषयावर अध्यापकीय कारकीर्द उभी राहू शकते का?

उत्तर : निश्चितच. एखादी विद्यार्थिनी उत्तरपत्रिकेत उत्क्रांतीच्या सिद्धांतातील नैसर्गिक निवड अचूक मांडते आणि वर्गाबाहेर पडताना हळूच विचारते, ‘पण सर, हे खरे मानायलाच हवे का?’ आपले संशोधन नेमके तिथे सुरू होते. नायजेरियाचे विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक ओलुग्बेमिरो जेगेडे यांनी १९९५ मध्ये, परस्परविरोधी दोन कल्पना मनात शेजारी-शेजारी कशा नांदतात, याची मांडणी केली. १९९६ मध्ये याच क्षेत्रातील कॅनडाचे अभ्यासक ग्लेन एकेनहेड यांनी घरच्या संस्कृतीतून विज्ञानाच्या संस्कृतीत जाण्याला सीमा ओलांडण्याची उपमा दिली. भौतिकशास्त्रज्ञ इयन बार्बर यांनी विज्ञान आणि धर्म यांच्या नात्याचे संघर्ष, स्वतंत्रता, संवाद व एकात्मता असे चार प्रकार केले. ते आरंभी उपयोगी पडतात, पण त्यांतच अडकू नये, कारण माणूस एकाच दिवसात या चारही खणांत वावरतो.

खरी अडचण पद्धतीची येईल. मोजमापाची सवय असलेल्याला मुलाखत घेणे, विद्यार्थ्याच्या मौनाचीही नोंद ठेवणे आणि त्याच्या श्रद्धेला चूक न ठरवता ऐकणे नव्याने शिकावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून पीएच.डी.साठी शिक्षणशास्त्र आणि मानववंशशास्त्र या दोन्हींची जाण असलेला मार्गदर्शक शोधा. विद्यापीठाचे नाव त्यानंतर पाहा.