चर्चची वेदी, बाजूचा व्हरांडा आणि हेरिटेजची नोटीस

प्रश्न : मुंबईतलं आमचं चर्च हेरिटेज यादीत श्रेणी २-ब मध्ये आहे. रविवारच्या मिस्सेला निम्मे लोक बाहेर उन्हात उभे असतात. म्हणून पॅरिश समितीने (चर्चच्या स्थानिक भाविकांच्या समितीने) बाजूचा जुना व्हरांडा पाडून दालन वाढवायला घेतलं. वेदीही लोकांच्या जवळ आणायची आहे. आता ‘बांधकाम पूर्ववत करा’ अशी पालिकेची नोटीस आली आहे. धर्मस्वातंत्र्य हा मूलभूत हक्क असताना पालिका असं करू शकते का?

उत्तर : आधी काम थांबवा, आजच. परवानगीशिवाय पडणारी प्रत्येक वीट तुमची बाजू कमकुवत करते.

व्हरांड्याबाबत पालिका अडवू शकते. संविधानाच्या अनुच्छेद २६ मधले दोन वेगळे हक्क इथे महत्त्वाचे आहेत. धर्माच्या बाबींत आपला कारभार आपण पाहणे हा एक, आणि मालमत्तेचा कारभार ‘कायद्यानुसार’ पाहणे हा दुसरा. मुंबई राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यावरच्या रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये हाच भेद मांडला : मालमत्तेच्या कारभाराचं नियमन कायदा करू शकतो, पण तो कारभार संप्रदायाच्या हातून पूर्णपणे काढून घेऊ शकत नाही. व्हरांडा पाडणं हा मालमत्तेचा प्रश्न आहे.

वेदीचं तसं नाही. धर्मगुरूने कुठे उभं राहून मिस्सा अर्पण करावी, हे पालिकेने ठरवायचं नाही, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या चर्चची वेदीसह आतली रचना वारसा आयोगाने गोठवली, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये तो आदेश रद्द केला. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण युक्तिवाद म्हणून वजनदार आहे. तरीही श्रेणी २ मध्ये आतले बदलही छाननीतूनच जातात. म्हणून वेदीचा प्रस्ताव धर्मप्रांताच्या (बिशपच्या कार्यालयाच्या) लेखी पत्रासह स्वतंत्र मांडा. दोन्ही मागण्या एकत्र केल्यात तर व्हरांड्यापायी वेदीही अडकेल.

नोटीस एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या) कलम ५३ खाली असेल, तर तिच्यातल्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज करा. त्याचा अंतिम निर्णय होईपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. ही मुदत चुकवू नका.

विकास नियमावली २०३४ च्या नियम ५२ खाली श्रेणी २-ब ला त्याच आवारात विस्तार मिळू शकतो, मात्र तो उंचीने आणि दर्शनी बाजूने मूळ इमारतीशी जुळायला हवा. पाडलेल्या व्हरांड्याचे खांब, लाकूड, कौलं जपून ठेवा, जुने फोटो शोधा आणि जतनाचं काम केलेल्या आर्किटेक्टकडून व्हरांडा पुन्हा उभारून मागच्या बाजूला दालन वाढवणारा आराखडा करून घ्या.

टेक्सासमधल्या बर्नी गावचं सेंट पीटर चर्च असंच अपुरं पडत होतं. विस्ताराचा परवाना नाकारला गेला, आर्चबिशप न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. मग तडजोड झाली : जुन्या चर्चचा सुमारे ८० टक्के भाग राखून मागे नवं सभागृह. तुम्ही ही तडजोड खटल्याआधीच करा. उन्हात उभ्या म्हाताऱ्या माणसांची अडचण खरी आहे आणि पालिकेला शिफारस करणाऱ्या हेरिटेज समितीने ती ऐकलीच पाहिजे, म्हणून कोणत्या मिस्सेला किती लोक बाहेर राहतात याची नोंद अर्जाला जोडा. समितीची शिफारस विरोधात गेली, तरी अपवादात्मक परिस्थितीत लेखी कारणं देऊन आयुक्त ती बाजूला ठेवू शकतात.

अर्जावर सही मात्र जागा ज्या ट्रस्टच्या नावावर आहे त्याच्या विश्वस्तांची लागेल. पॅरिश समितीची पुरणार नाही.