लाईट गेल्यापासून दुकानातला जुना कॉम्प्युटर ‘बूट डिव्हाइस’ मागतोय. फॉरमॅट मारून घेऊ का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. खानापूर तालुक्यात डीटीपीचं छोटं दुकान, २०१२ साली घेतलेला आय-थ्रीचा डेस्कटॉप, गडगडाटात लाईट दोन-तीनदा गेली-आली आणि तेव्हापासून काळ्या स्क्रीनवर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ एवढंच. ज्यांना दाखवलंत ते म्हणाले, हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. आणि आत आठ वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, पावतीपुस्तकं.

फॉरमॅट मारू नका. निदान आज तरी कुणाच्याही हातून मारून घेऊ नका. डिस्क खरंच गेली असेल तर फॉरमॅटने ती बरी होत नाही. आणि डिस्क चांगली असेल तर फॉरमॅटची गरजच नाही. दोन्हीकडून नुकसान तुमच्या फायलींचं.

मी बेळगावात शहापूरला राहतो आणि सतरा वर्षं हेच काम करतोय. तुमच्यासारखी निम्मी मशीनं पावसाळ्याच्या आधीच्या वळवात येतात, आणि त्यातल्या बऱ्याच डिस्क धडधाकट निघतात. कारण तो काळ्या स्क्रीनवरचा निरोप डिस्कबद्दल काहीच सांगत नसतो. तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचा, निरोप असतो: मला जिथं बघायला सांगितलंय तिथं बघितलं, पण सिस्टीम सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. जुन्या पद्धतीत बायोस डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो, ५१२ बाइटचा. त्याच्या शेवटी ठरलेली दोन बाइटची खूण असली की पुढचं काम त्याच्याकडे सोपवतो. तो सेक्टर बिघडला, बायोस चुकीच्या डिस्ककडे बघत बसला, किंवा डिस्कची वायर सैल झाली, तरी स्क्रीनवर ओळ तीच. म्हणून ती ओळ बघून निदान करायचं नसतं.

पहिली गोष्ट, मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबत राहा आणि बायोसमध्ये जा. तिथं दोनच गोष्टी बघा: तारीख कुठली दिसतेय, आणि साटाच्या, म्हणजे डिस्क जोडायच्या पोर्टांच्या, यादीत हार्ड डिस्कचं नाव येतंय का.

तारीख बरीच वर्षं मागची असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. २०१२ पासून बदलला नसेल तर तो आजवर टिकला हेच जास्त. रोज मेन स्विच बंद करून जाणाऱ्या दुकानात तो लवकर संपतो, कारण मेन चालू असताना बोर्डाला स्टँडबाय करंट मिळतो आणि सेलवर भार येत नाही. सेल मेला की बायोस आपली सगळी सेटिंग विसरतो. बूटचा क्रम बदलतो, पहिल्या नंबरवर डीव्हीडी किंवा कुठलातरी रिकामा पोर्ट येतो. तुमचं विंडोज युईएफआय या बूट करण्याच्या नव्या पद्धतीने टाकलेलं असेल आणि बायोस परत जुन्या लेगसी पद्धतीवर गेला असेल, तरी हाच निरोप येतो. सेल बदला, तारीख लावा, बूटमध्ये हार्ड डिस्क वर आणा, लेगसी आणि युईएफआय दोन्ही करून बघा, सेव्ह करा.

त्या वयाच्या बोर्डांवर आणखी एक गोष्ट घडते आणि ती फार जणांना फसवते. साटा मोड नावाचं सेटिंग असतं, डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धतींचं: जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय. विंडोज टाकताना एएचसीआय असेल आणि सेल गेल्यावर ते आयडीईवर आलं, तर विंडोजचा लोगो येतो, क्षणभर निळी स्क्रीन दिसते आणि मशीन परत पहिल्यापासून सुरू होतं. निळ्या स्क्रीनवर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ किंवा शेवटी ७बी असलेला आकडा असतो. तुमची स्क्रीन काळी आहे, म्हणून हे पहिलं कारण नसेल. पण बूटचा क्रम लावल्यावर निळी स्क्रीन आली तर घाबरू नका, हे एक सेटिंग फिरवून बघा. केवळ एवढ्यावरून चांगली विंडोज पुसून टाकलेली मशीनं मी बघितली आहेत, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता डिस्कचं नावच दिसत नसेल तर. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, मग कॅबिनेट उघडा. साटाची पातळ लाल वायर दोन्ही टोकांनी काढून परत घट्ट बसवा, दुसऱ्या पोर्टला लावून बघा, शक्य असेल तर वायरच बदला. पॉवरची पिनसुद्धा. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, चार महिने भिंतींना ओल असते, आणि तिकडच्या मशीनच्या पिनांवर चढलेला काळपटपणा नुसत्या डोळ्यांना दिसतो. तोच रॅमच्या सोनेरी पट्टीवर असतो. रॅम काढून साध्या खोडरबराने घासा, भुगा झटका, परत बसवा. नंतर कान डिस्कला लावा. चालू केल्यावर घुंऽ असा फिरण्याचा आवाज आला पाहिजे. आवाजच नाही तर एसएमपीएसकडून (पॉवर सप्लायकडून) बारा व्होल्ट येत नसतील किंवा डिस्कचं सर्किट जळलं असेल. डिस्क दुसऱ्या चांगल्या मशीनला लावून बघितली की ते कळतं. आणि टक्-टक्-टक् असा ठेका येत असेल तर लगेच बंद करा, परत चालू करून बघू नका. हेडच्या बिघाडाची ती खूण आहे. फ्रीजमध्ये ठेवणं, उघडून बघणं, हे काही करू नका. तिथून पुढचं काम क्लीन रूम असलेल्या लॅबचं, आणि ते महाग असतं.

नाव दिसतंय पण बूट होत नाही, असं असेल तर जास्त काळजीने ऐका. इथंच माणसं घाई करतात. मीसुद्धा केली होती.

काम सुरू करून मला चार वर्षं झाली असतील. एका निवृत्त गुरुजींनी ३२० जीबीची डिस्क आणली. त्यांच्या गावच्या शाळेची शतकी स्मरणिका त्यांनी स्वतः दोन वर्षं बसून टाईप केली होती, जुन्या शिक्षकांच्या आठवणी घरोघर जाऊन लिहून घेतलेल्या. मशीन मध्येच अडकत होतं. मी सवयीप्रमाणे चेकडिस्क लावलं, खराब सेक्टर शोधून दुरुस्त करणारं, आणि रात्रभर चालू ठेवून घरी गेलो. सकाळी डिस्क टक्-टक् करत होती. थकलेल्या डिस्कला मी रात्रभर एकेक सेक्टर वाचायला आणि लिहायला लावलं होतं. स्मरणिकेची अर्धी पानं त्यांच्याकडे प्रिंटमध्ये होती, बाकीची गेली. ज्यांनी त्या आठवणी सांगितल्या त्यातले काही तोवर हयात नव्हते. गुरुजी मला एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून आधी फायली, मग दुरुस्ती, हा क्रम मी एकदाही मोडलेला नाही.

तर क्रम असा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रुफस हा प्रोग्रॅम वापरून लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका सिस्टीमचा, पेन ड्राइव्ह बनवा. मिंटमधली एक्सएफसीई आवृत्ती जुन्या मशीनला हलकी पडते. तुमच्या बायोससाठी रुफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर, म्हणजे डिस्कची जुनी मांडणी, ठेवा. पेन ड्राइव्ह मागच्या काळ्या यूएसबी पोर्टला लावा. तरी बूट होत नसेल तर बायोसमध्ये ‘हार्ड डिस्क ड्राइव्हज’ असं वेगळं पान असतं का बघा. जुने बायोस पेन ड्राइव्हला हार्ड डिस्कच समजतात आणि त्या पानावर त्याला पहिला केल्याशिवाय बूटच्या मुख्य यादीत तो दिसत नाही. ‘पेन ड्राइव्ह घेतच नाही’ म्हणून आलेल्या कितीतरी मशीनला एवढंच करावं लागलंय.

मिंट इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं चालवायचं. त्यात ‘डिस्क्स’ नावाचं ॲप आहे, त्यात डिस्क निवडून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, उघडा. सगळे आकडे बघत बसू नका. पाचवा नंबर म्हणजे बदली दिलेले खराब सेक्टर. १९७ म्हणजे वाचताना अडलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. हे दोन शून्य असतील तर डिस्क बहुधा ठीक आहे, बिघाड बूटच्या फायलींचा आहे. १९७ मध्ये काही आकडा असेल तर डिस्क आजारी समजा. आणि १९९, म्हणजे वायरवरून डेटा जाताना झालेल्या चुका, मोठा असून हे दोन शून्य असतील तर दोष वायरचा असण्याची शक्यता जास्त, डिस्कचा नव्हे. पन्नास-शंभर रुपयांच्या वायरसाठी लोक डिस्क बदलतात.

पाचवा आणि १९७ शून्य असतील तर बाहेरची डिस्क लावून सरळ कॉपी करा. विंडोज दहा असेल आणि मिंट म्हणालं की हे ड्राइव्ह फक्त वाचता येईल, तर ते चांगलंच. विंडोजचं फास्ट स्टार्टअप मशीन पूर्ण बंद करत नाही, म्हणून तसं येतं. आपल्याला लिहायचं नाहीच. डिस्क आजारी असेल तर साधी कॉपी नको. डीडीरेस्क्यू हा आजारी डिस्कची नक्कल घेणारा प्रोग्रॅम वापरा, तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर, मॅपफाइल (कुठवर काम झालं याची नोंद) ठेवून. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागा शेवटी घेतं. मध्ये लाईट गेली तरी मॅपफाइलमुळे तिथूनच पुढे जातं, आणि आपल्याकडे ते फार महत्त्वाचं. फक्त कुठली डिस्क कुठून कुठं, हे मॉडेल आणि सिरीयल नंबर बघून तीनदा खात्री करा. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. हात कापत असेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

डीटीपीवाल्यांनी काय कॉपी करायचं हे मुद्दाम सांगतो, कारण इथं डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप उचलून भागत नाही. आपल्याकडची पत्रिका एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. मराठी जुन्या श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये, कन्नड नुडी फॉन्टमध्ये. यातले बरेच जुने फॉन्ट युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीचे नाहीत. फाइल वाचली पण फॉन्ट गेला तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी चिन्हांचा ढिगारा दिसतो. म्हणून विंडोजच्या आतला पूर्ण फॉन्ट्स फोल्डर घ्या. पेजमेकरच्या पीएमडी फायली आणि त्यात लावलेले फोटो एकत्र घ्या, कोरलच्या सीडीआर घ्या, सॉफ्टवेअरची सेटअप फाइल कुठं ठेवली असेल तर ती घ्या. आणि मागे लावलेलं ते छोटं हार्डवेअर लॉक, ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही, ते काढून डब्यात ठेवा. साफसफाईत पहिलं तेच हरवतं.

फायली दोन ठिकाणी गेल्या, उघडून बघितल्या, की मग दुरुस्ती. डिस्क निरोगी असेल तर विंडोजच्या इन्स्टॉल पेन ड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जा, कमांड प्रॉम्प्ट उघडा. जुन्या एमबीआर पद्धतीत बूटरेक या कमांडची तीन कामं: फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रीबिल्डबीसीडी. एवढ्यावर बऱ्याचदा सगळं जसंच्या तसं उभं राहतं.

नवीनच टाकायची वेळ आली तर एसएसडी घ्या, २४० जीबीची पुरेशी होते. तुमचा बोर्ड बहुधा एच६१ चिपसेटचा असेल, त्यावर साटाचा वेग तीन गिगाबिटच आहे, तरी जुन्या डिस्कपुढे फरक जमीन-अस्मानाचा. इन्स्टॉल करताना जुनी डिस्क वायरसकट काढून ठेवा. दोन्ही लावून ठेवल्या तर विंडोज कधीकधी बूटच्या फायली जुन्या डिस्कवर टाकतं, आणि ती काढली की परत तोच काळा निरोप. सेटअप ‘जीपीटी डिस्कवर टाकता येत नाही’ म्हणाला (जीपीटी म्हणजे एमबीआरनंतर आलेली डिस्कची मांडणी), तर पेन ड्राइव्ह लेगसी पद्धतीने बूट झालाय. बूट मेनूत युईएफआय लिहिलेली नोंद निवडा. बोर्डाला युईएफआय नसेल तर डिस्क एमबीआर करा, पण डिस्क रिकामी असेल तरच. आणि फायली उलगडताना मध्येच ७०५७० असा शेवट असलेला एरर आला तर आधी पेन ड्राइव्ह बदला, मग मेमटेस्टने रॅम तपासा.

विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अकरा तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आठव्या पिढीपासून पुढे हवं. आडवाटेने टाकून देणारे भेटतील, पण ज्या मशीनवर पोट आहे तिथं मी तसं करत नाही. पेजमेकर ७ हा २००१ चा प्रोग्रॅम. आधीची विंडोज ३२ बिट होती की ६४ हे नक्की करूनच नवी टाका, कारण जुन्या लॉकचा ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिटमध्ये चालत नाही आणि मग सॉफ्टवेअर उघडत नाही. माझं मत विचाराल तर छपाईचं मशीन जुन्याच विंडोजवर, नेटची वायर काढून चालवा. मेल आणि गिऱ्हाईकांचे फोटो दुसऱ्या मशीनवर घ्या, किंवा त्याच मशीनवर वेगळ्या एसएसडीत मिंट टाकून घ्या.

यूपीएसची बॅटरी किती जुनी आहे तेही बघा. दोन-तीन वर्षांपलीकडची असेल तर ती बऱ्याचदा लाईट गेल्यावर एक मिनिटही धरत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंगसाठी वायरमन बोलवा.

बायोसमधली तारीख आणि डिस्कचं नाव दिसतं की नाही, हे दोन इथेच खाली कळवा, त्यावर पुढचं सांगतो. आवाज टक्-टक् येत असेल तर मात्र कळवण्यासाठीसुद्धा परत चालू करू नका. आणि डिस्क घेऊन बेळगावला बसने येणार असाल तर जाड कपड्यात गुंडाळून मांडीवर ठेवा, पायाशी पिशवीत नको. खानापूर रोडवर धक्के बसतात.