गिऱ्हाइकाची माहिती कोणाच्या जिम्म्यावर?

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

सावद्याहून केळी वेफर्स ऑनलाइन विकणार आहेस, वाचून फार बरं वाटलं. पण “पैशाचं सगळं पेमेंट कंपनी बघते, गिऱ्हाइकाच्या माहितीशी आपला संबंध नाही,” हे काही पटलं नाही.

गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर कशासाठी घ्यायचा हे ठरवतं कोण? तू. म्हणून २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तू डेटा फिड्युशिअरी, म्हणजे त्या माहितीची मुख्य जबाबदार, ठरतेस. युरोपात त्यालाच कंट्रोलर म्हणतात. तुझ्या सांगण्यावरून ती माहिती हाताळणारा, समज ऑर्डरचे मेसेज पाठवणारी कंपनी, तो प्रोसेसर. त्याच्याशी रीतसर करार लागतोच. आणि करारात काहीही लिहिलेलं असो, माहिती त्याच्याकडून फुटली तरी जाब तुलाच द्यावा लागतो. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

पेमेंट कंपनीचं मात्र वेगळं आहे. तुझ्या ऑर्डरचे पैसे वळते करताना ती तुझं काम करते. पण केवायसी, फसवणुकीची तपासणी, मनी लाँडरिंग (काळा पैसा पांढरा करणं) रोखणाऱ्या कायद्याखाली पाच वर्षं ठेवायच्या नोंदी हे सगळं ती स्वतःच्या जबाबदारीवर करते. गिऱ्हाईक उद्या म्हणालं “माझी माहिती काढून टाका”, तर तू तुझ्याकडची काढशील. तिच्याकडच्या नोंदी तुझ्या सांगण्यावरून पुसल्या जाणार नाहीत. हे वेबसाइटवर आधीच स्पष्ट लिही.

कार्डाचा नंबर तर साठवूच नकोस. १ ऑक्टोबर २०२२पासून रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना ते बंदच केलंय. शेवटचे चार आकडे आणि कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव एवढंच ठेवता येतं.

मला खरी धास्ती आहे ती एक्सेल फाइलची. पेमेंट कंपनीच्या डॅशबोर्डवरून दिवसभराच्या ऑर्डरी उतरवायच्या आणि पॅकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या, हे सर्रास चालतं. भुसावळच्या एखाद्या बाईचं नाव, नंबर, घराचा पत्ता, यूपीआय आयडी, रक्कम, सगळं एका ओळीत! पॅकिंगवाला पोरगा महिन्याभरात काम सोडतो, फाइल त्याच्या फोनमध्येच राहते. त्याला ऑर्डर नंबर, माल आणि वजन एवढं पुरे. पत्ता थेट लेबलवर छापून येऊ दे.

माहिती हाताळणाऱ्या कंपनीशी होणारा करार सही करण्याआधी मला पाठव. माहिती फुटली तर ती कंपनी तुला किती तासांत कळवणार आणि काम संपल्यावर माहिती पुसणार की नाही, ही दोन कलमं मला बघायची आहेत.

तुझा,
मामा